अहो, पळा!

लातूर जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या वाढदिवसाला औशापासून लातूरपर्यंत पळण्याची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी आमचे हे पहिले आले. दुसऱ्या वर्षीही हेच पहिले आले. आणि दोन्ही वर्षी, शर्यत संपते त्या गंजगोलाईच्या बाजारात लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं ते दुसऱ्या आलेल्या भीमाला.

खोटं वाटत असेल तर गोलाईतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. पहिला कोण आला होता म्हटलं की तो डोकं खाजवेल. भीमा म्हटलं की मात्र खुर्ची पुढे ओढेल. भीमाचा एक बूट वाटेत कसा निसटला, तो तसाच एका पायाने अनवाणी कसा पळाला, हनुमान चौकात कुणाचं तरी रडतं लेकरू उचलून चार पावलं कसा धावला, सगळं साग्रसंगीत सांगेल.

ह्यांचं नाव मी अजून सांगितलेलं नाही. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव उठसूट घ्यायचं नसतं. येईल पुढे, ते आल्याशिवाय ही गोष्ट पुरीच होत नाही.

भीमा लोह्याचा. म्हणजे नांदेड जिल्ह्यातला, माझ्या माहेरच्या बाजूचा. मी नांदेडची, वजिराबादेत वाढलेली. माझा धाकटा भाऊ श्रीमंत तिथे टेम्पो आणि लाऊडस्पीकर भाड्याने देतो. लग्न, जत्रा, कुस्त्या, जे असेल ते. शर्यतीवाल्यांनी त्यालाच बोलावलेलं. आता सख्खा मेहुणा पुढे पळतोय म्हटल्यावर ह्याने कर्ण्यातून कुणाचं नाव घ्यावं? पण नाही. "आला, आला, लोह्याचा वाघ आला!" हेच वाटभर. मी एकदा चांगलीच झाडली त्याला. तर म्हणतो कसा, "अक्का, दाजींबद्दल काय बोलू? ते पळून राहिले, एवढंच बोलता येतंय. त्यापुढं शब्दच सुचत न्हाईत."

राग आला, पण त्याचं अगदीच खोटं नव्हतं. आमचे हे पळायचे ते दुकानाचं कुलूप उघडायला निघाल्यासारखे. अंगात पांढरं बनियन, गळ्यातलं इष्टलिंग छातीशी कापडाने घट्ट बांधलेलं, नजर समोर. औशात पहिले निघायचे, वाटभर पहिले असायचे, लातुरात पहिले पोचायचे. ह्यात बघणाऱ्याने बघायचं काय? भीमा मागे पडायचा, पुढे यायचा, पोटात कळ आली म्हणून वाकायचा, मिशीवर ताव देऊन पुन्हा उठायचा. पोराटोरांना डोळा मारायचा. लोकांना वाटायचं, ह्याला आपली गरज आहे. ह्यांच्याकडे पाहून तसं कुणालाच वाटत नसे. शिवाय ह्यांचं नाव लांबलचक, आणि भीमा म्हणजे ओरडायलाच केलेलं नाव.

उरले मी एकटी. मी गोलाईत, आमच्या दुकानाच्या पायरीवर सासूबाईंच्या शेजारी उभी राहून घसा फोडायची. पण ओरडणार काय? "अहो! अहो, पळा!" त्या गर्दीत निम्मे तरी कुणाचे ना कुणाचे 'अहो' असणार. सगळे वळून बघायचे. हे सोडून सगळे.

तिसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं. श्रावण लागला तरी आभाळ कोरडं. आमचं दुकान दोरखंडाचं. सुतळी, पोती, बादल्या, विहिरीचे दोर. दुष्काळात दोर खपतो, कारण पाणी खाली गेलं की दोर लांब लागतो. ह्यांना आजूबाजूच्या गावांतल्या विहिरी न बघताच ठाऊक होत्या. एका रात्री जेवताना म्हणाले, "आंबेवाडीची माणसं आली होती. तीस हातांचा दोर पुरायचा त्यांना. आज पंचेचाळीस हात नेला."

"बरं झालं की, विक्री झाली," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ताटावरून उठले. मला वाटलं भाजी खारट झाली.

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा कॅनव्हासचे बूट पुसता पुसता म्हणाले, "यंदा पळतो, मग बास."

"का? गुडघा दुखतो का?"

"न्हाई."

"मग?"

दुसरा बूट उचलला. मग म्हणाले, "जगदेवी, सगळ्या वाटेवर माणसं उभी असतात बघ. मी आलो की गप होतात. पुढून गेलो की मागनं भीमाच्या नावाचा गलका सुरू होतो. एवढी माणसं अन् एक हाक न्हाई. दुकानातून घरी येताना कुत्रं तरी शेपूट हलवतं."

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. ह्या माणसाने कधी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हे एवढं बोलले आणि मला रडूच आलं. मनाशी ठरवलं, यंदा पायरीवर उभं राहायचं नाही. लोक ह्यांना बघून गप का होतात ते वाटेवर जाऊन बघायचं.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, मी सांगितलं की भावाच्या टेम्पोत बसून औशाला जाते. शिवम्मा नाव त्यांचं, करारी बाई. जिल्हा बदलून तिसरं वर्ष सरत आलं तरी 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेल्या जुन्या पिशव्या संपेपर्यंत नव्या छापू देत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जा. पन डोक्यावरचा पदर खाली येऊ देऊ नको." तेवढं सोपं काम होतं असं मला तेव्हा वाटलं.

शर्यत सुटली. हे लगेच पुढे. भीमा मागे, हात हलवत. श्रीमंतचा टेम्पो पुढच्या गावांना खबर द्यायला सुसाट निघाला आणि आंबेवाडीच्या फाट्यावर लिंबाखाली थांबला. अख्खं गाव तिथे जमलेलं. पुढे बाया, हातात तांबे, आणि सगळ्यांच्या पुढे एक वयस्कर बाई, लख्ख घासलेला पितळी तांब्या घेऊन. तुळजाबाई. गावात तिचा शब्द चालतो हे उभ्या राहण्यावरूनच कळत होतं.

"भीमा कुठवर आलाय रं?" तिने श्रीमंतला विचारलं.

"येऊन राहिला, मावशी! जोरात हाय!"

मी टेम्पोतून खाली उतरले. "आणि जो पहिला येतो, त्याला नाही का पाणी द्यायचं?"

तुळजाबाईचा चेहरा एकदम बदलला. "त्यो शेटजी? त्याचं नाव काडू नको बाई. पयल्या साली हाच तांब्या घिऊन म्होरं झाले. त्यानं हात जोडले अन् गेला निघून. दुसऱ्या साली बी तेच. आमच्या हातचं पानी चालत न्हाई त्याला. नसंल चालत तर नसू दे. आमी बी त्याच्याकडं बगत न्हाई."

"फुडच्या गावात बी तसंच केलं म्हनं," दुसरी म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी न विचारता पिणारा माणूस तो. जात विचारली ना पात. तो म्हणे ह्यांच्या हातचं पाणी पीत नाही! तोंड उघडणार, तेवढ्यात लिंबापलीकडची विहीर दिसली. काठावर नवाकोरा दोर गुंडाळून ठेवलेला होता, एवढा मोठा वेटोळा की त्यावर एखादी बाई टेकून बसली असती.

आणि मला तो खाली ठेवलेला पेला आठवला.

"तुळजाबाई," मी म्हटलं, "हा दोर कुठनं आणला?"

"लातूरहून. गोलाईतनं."

"ज्यानं तो दोर तुम्हाला हातानं मोजून दिला ना, तोच हा शेटजी. माझे मालक. तुमच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते त्यांना ठाऊक आहे. पंचेचाळीस हात दोर विकून आले त्या रात्री घरातलंसुद्धा पाणी प्यायले नाहीत ते. तीस हातांवरचं असो की पंचेचाळीस, तुम्ही एवढं ओढून काढलेलं पाणी पळता पळता कसं प्यायचं म्हणून हात जोडतात ते. दुसरं काही नाही त्यांच्या मनात."

तुळजाबाईने एकदा दोराकडे पाहिलं, एकदा तांब्याकडे.

"मग हे तोंडानं सांगाया काय झालतं त्याला?"

"तेच तर! बोलत नाहीत. सात वर्षं मी हेच भोगतेय."

तुळजाबाई फिसकन हसली. तिच्या मागच्या सगळ्या हसल्या. माझाही राग कुठल्या कुठे गेला. कुणीतरी ओरडलं, "आला, पयला आला!" वळणावर पांढरं बनियन दिसलं.

"नाव सांग लवकर," तुळजाबाई म्हणाली. "हाक मारतो आमी. नाव काय मालकाचं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. टेम्पोच्या दारात श्रीमंत उभा. त्याला ठाऊक होतं नाव, पण बायांनी त्याला हातानेच गप्प केलं. एवढी मजा त्या कशाला सोडतात?

"उखाना घ्यावा लागंल!"

"अगं बाया, ते येऊन पोचले!"

"म्हनूनच बिगीनं घे!"

श्रीमंतने, दोन वर्षं भीमा भीमा करणाऱ्या माझ्या भावाने, निमूट माईक माझ्या हातात दिला. बटण चालूच होतं. आणि मी, गोलाईतल्या दोरवाल्यांची सून, औशाच्या भर रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून उखाणा घेतला.

"औशाच्या वाटेवर तापली माती,
पंचाक्षरीअप्पांचं नाव घेते, तांब्या तुळजाबाईंच्या हाती!"

आता असा गलका मी लग्नातही ऐकला नव्हता. पोरं झाडावरून ओरडत होती, म्हातारे काठ्या वर करत होते. "पंचाक्षरी! पंचाक्षरी!" आणि हे? ह्यांनी आधी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे दुसरा कुणी पंचाक्षरी पळतोय का ते बघत होते. मग टेम्पोपाशी माईक धरलेली बायको दिसली आणि पायच अडखळले.

तोवर तुळजाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. ह्यांनी सवयीने हात जोडले.

"हात सोड," ती म्हणाली. "सांगितलं तुझ्या बायकुनं सगळं. एका घोटानं विहीर आटत न्हाई. पिल्याबिगर सोडत न्हाई तुला."

हे थांबले. ह्यांनी तांब्या घेतला. वरून धार सोडून नव्हे, सरळ तांब्याला तोंड लावून दोन घोट प्यायले. उरलेलं पाणी थेंब न सांडता परत दिलं. "लई गोड हाय, मावशी," म्हणाले. तुळजाबाईने तोच तांब्या आपल्या तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. मग पदराने तोंड पुसलं. खरं सांगते, तोंड पुसता पुसता डोळेही पुसले.

एवढ्यात भीमा आला. त्याचा दरवर्षीचा थांबा तो. हात पुढे करून म्हणाला, "मावशी, माझं पानी?"

"आज फुडं पळ! आज ह्याची पाळी हाय!"

भीमा आयुष्यात पहिल्यांदा आंबेवाडीला न थांबता पळाला आणि त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे गेला. तो एवढा गोंधळला की मिशीवर ताव द्यायलाही विसरला.

त्यानंतर जे झालं त्याला शर्यत म्हणायचं की वरात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आंबेवाडीची पोरं सायकली काढून पुढे सुटली. पुढच्या गावात आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिथेही तांबे पुढे झाले, आणि आमचे हे एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यातले नव्हेत. प्रत्येकीचं पाणी घोटभर घेत होते, प्रत्येकीला तांब्या परत देत होते. भीमा लांब गेला. मी टेम्पोतून कपाळावर हात मारत होते. "अहो, पुरे! अहो, पळा!" माईक चालूच होता. रस्त्यावरचा एक सायकलवाला म्हणाला, "वहिनी, मी बी पळू का?"

पण ह्यांचा चेहरा मी पाहत होते. हा माणूस हसत होता. दात दिसेपर्यंत. लग्नातल्या फोटोतही ह्यांचे दात दिसत नाहीत.

लातूरची वेस दिसली आणि ह्यांनी पळायला सुरुवात केली. म्हणजे खरं पळायला. आजवर ह्यांना कुणाला गाठावंच लागलं नव्हतं, त्यामुळे हे गाठताना कसे दिसतात ते कुणी पाहिलंच नव्हतं. मान पुढे, मुठी आवळलेल्या, पोटातलं चार गावांचं पाणी डचमळतंय, आणि पुढच्या भीमाचं बनियन हळूहळू जवळ येतंय. दुकानांतून माणसं तागड्या टाकून बाहेर आली. "भीमा!" आणि "पंचाक्षरी!" दोन्ही नावं एकमेकांत मिसळली. श्रीमंत एका हाताने गाडी चालवत दुसरा हात खिडकीबाहेर काढून ओरडत होता, "दाजी! दाजी, सोडू नका!"

गोलाईत देवीच्या देवळासमोर दोरी धरलेली होती. तीही आमच्याच दुकानातली. शेवटच्या वळणावर हे भीमाच्या बरोबरीला आले, मग खांदाभर पुढे. वीस-पंचवीस पावलं उरली असतील. अव्वा पायरीवर उभ्या राहिल्या होत्या.

मला पदराचं भान राहिलं नाही, उखाण्याचं नाही, अव्वांचंही नाही. मी टेम्पोत उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून माईकमध्ये ओरडले,

"पंचाक्षरी! पळ!"

अप्पा नाही, अहो नाही, आदरार्थी काही नाही. नुसतं नाव. अख्ख्या गोलाईने ऐकलं.

आणि आमचे हे थांबले. दोरी पाच हातांवर असताना थांबले, वळले आणि मी कुठे आहे ते शोधायला लागले. मी दिसल्यावर हात वर करून हलवला. भीमा बाजूने गेला आणि दोरी छातीवर घेऊन पुढे जाऊन कोसळला.

भीमा पहिला आला. आयुष्यात पहिल्यांदा. तो जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "ते थांबले म्हनून, ते थांबले म्हनून." लोकांनी त्याला उचललं. आणि ह्यांनाही उचललं. सगळ्यांत पुढे श्रीमंत, टेम्पो भर रस्त्यात तसाच सोडून आलेला, दाजींचा पाय खांद्यावर घेऊन नाचत होता. वर हे, कुणाच्या डोक्याला धरावं ते न कळल्याने भीमाच्याच गळ्यात हात टाकून बसलेले.

मी पदर सावरत पायरीपाशी गेले. अव्वांनी आधी माझ्या पदराकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"भर बाजारात नवऱ्याचं नाव घेतलं," त्या म्हणाल्या.

"हो, अव्वा."

"ते घेतलं तर घेतलं. पन पाच हात आधी कशाला घेतलं? जिंकला असता की माझा ल्योक!"

संध्याकाळी हे अंगणात पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. मी पाठीमागे उभी होते. रडू येत होतं, हसूही येत होतं.

"वळून कशाला बघितलं?" मी म्हटलं. "वेडे आहात का? जिंकलेली शर्यत घालवली."

"हाक आली," हे म्हणाले. "कुणी हाक मारली तर ओ द्यावी लागते की. वाटेत सगळ्यांनी मारली, पण ती नुसती ऐकली. तुझी आली, अन् बघितल्याबिगर राहवलं न्हाई."

मी पाय पुसायला पंचा पुढे केला.

मग पाण्यातून पाय काढून ह्यांनी ते कॅनव्हासचे बूट उचलले, धूळ झटकली आणि आढ्याच्या खुंटीवर न टांगता दाराशी, रोजच्या चपलांच्या शेजारी ठेवले.

"पुढच्या साली," हे म्हणाले, "दोरी ओलांडू दे. मग हाक मार."